सरप्लस मायक्रोवेव्ह कपलर घरी तपासताना: आधी डायरेक्टिव्हिटी, मग बाकी सगळं

डायरेक्शनल कपलर म्हणजे लाइनमधून एका दिशेने जाणाऱ्या सिग्नलचा ठरावीक छोटा भाग बाजूच्या पोर्टवर काढून देणारा तुकडा. सरप्लसमधून, म्हणजे जुन्या उपकरणांच्या बाजारातून, आलेल्या अशा कपलरची एक गोची आहे. आतून मेलेला कपलरही पहिल्या चाचणीत सहज पास होतो. लेबलवर २० डीबी (डेसिबल) लिहिलेलं असतं, इनपुटला सिग्नल दिला की कपल्ड पोर्टवर तो २० डीबी खाली दिसतो, आणि आपण तो ‘चालू’ डब्यात टाकतो. पण आतलं ५० ओहमचं टर्मिनेशन (टोकाला सिग्नल शोषून घेणारा रोध) जळून गेलेलं असलं तरी हा आकडा जवळपास तसाच येतो. कपलर आणि साधा सिग्नल चोरणारा तुकडा यांत फरक करते ती डायरेक्टिव्हिटी, आणि नेमकी तीच घरी मोजायला सगळ्यात अवघड. म्हणून या लेखात बाकीच्या गोष्टी भरभर उरकून मुक्काम तिथेच करणार आहे.

आधी शब्द पक्के करून घेऊ. कपलरला मुळात चार पोर्ट असतात: इनपुट, आउटपुट, कपल्ड आणि आयसोलेटेड. बाहेर तीनच दिसत असतील, तर चौथ्यावर आतल्या आत टर्मिनेशन बसवलेलं असतं. सिग्नल सरळ दिशेने जाताना कपल्ड पोर्टवर जितका कमी होऊन येतो ते कपलिंग. तोच सिग्नल उलट दिशेने सोडल्यावर त्याच पोर्टवर जितका कमी होऊन येतो ते आयसोलेशन. आयसोलेशन वजा कपलिंग म्हणजे डायरेक्टिव्हिटी. कपलिंग २० आणि आयसोलेशन ५० असेल तर डायरेक्टिव्हिटी ३० डीबी.

हा आकडा किती महत्त्वाचा ते एका उदाहरणात दिसतं. एखाद्या अँटेनाचा खरा रिटर्न लॉस, म्हणजे परत फिरलेला सिग्नल पाठवलेल्यापेक्षा जितका खाली असतो तो आकडा, २० डीबी आहे. कपलरची डायरेक्टिव्हिटीही २० डीबीच असेल, तर वाचन १४ डीबीपासून थेट अनंतापर्यंत कुठेही येऊ शकतं. दोन्ही लहरींचे फेज कसे जुळतात त्यावर ते अवलंबून. डायरेक्टिव्हिटी ३० डीबी असेल तर तेच वाचन साधारण १७.६ ते २३.३ डीबीच्या मध्ये राहतं. पहिल्या कपलरवर अँटेना ट्यून करणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

पहिली पायरी: डोळे आणि भिंग

कुठलीही केबल लावण्याआधी दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून प्रत्येक कनेक्टर पाहावा. हा नियम कपलरच्या भल्यासाठी कमी आणि आपल्या चांगल्या केबल्सच्या भल्यासाठी जास्त आहे. एक खराब कनेक्टर त्याला जोडलेल्या प्रत्येक कनेक्टरला खराब करत जातो.

एसएमए (आट्यांचा छोटा मायक्रोवेव्ह कनेक्टर) फीमेलमध्ये मधल्या सॉकेटच्या पाकळ्या पाहा. त्या सारख्या अंतरावर, गोल आणि एकमेकींच्या उंचीला हव्यात. एखादी पाकळी बाहेर वाकलेली किंवा तुटलेली असेल तर तो पोर्ट बाद. मेलमध्ये पिन मधोमध आहे का आणि बाहेर जास्त आलेली नाही ना, हे पाहायचं. पिन पुढे आली असेल तर ती समोरच्या सॉकेटला मागे ढकलते आणि आतला जोड कायमचा सुटतो. आट्यांमध्ये धातूचा चुरा सापडतोच. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला, तंतू न सोडणारा स्वॅब किंवा बारीक लाकडी काडी वापरून तो काढा. अल्कोहोल आत ओतायचं नाही, आणि तोंडाने फुंकर तर अजिबात मारायची नाही, ओलावा जातो.

दोन सापळे कायम लक्षात ठेवावेत. एक म्हणजे रिव्हर्स पोलॅरिटी एसएमए. वाय-फायच्या सामानातून आलेला अॅडॉप्टर आट्यांनी छान बसतो, पण मधला संपर्कच होत नाही. दुसरा, ७५ ओहमचा एन कनेक्टर. त्याचा मधला भाग बारीक असतो. त्यात ५० ओहमची जाड पिन घुसवली की सॉकेट फाटतं.

घट्ट करताना ८ मिलिमीटरचा पाना चालतो. स्टीलच्या एसएमएला सुमारे ०.९ न्यूटन-मीटर, पितळीला सुमारे ०.५६ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. फिरवायची ती फक्त नट. कपलर हातात धरून फिरवला की पिन सॉकेटमध्ये घासत फिरते आणि सोन्याचा मुलामा जातो.

आणि डबा उघडायचा नाही. स्ट्रिपलाइन कपलरमध्ये दोन पट्ट्यांमधलं अंतर आणि झाकणाचा दाब यांवरच सगळं कपलिंग ठरतं. ‘आत काय आहे बघू’ म्हणून उघडलेला कपलर परत पहिल्यासारखा लागेलच याची खात्री नाही. आधीच मेलेला असेल तर मात्र खुशाल उघडा, शिकायला मिळतं.

दुसरी पायरी: मल्टिमीटर

साध्या मल्टिमीटरने मिळणारी माहिती लोक वाया घालवतात. कपल्ड लाइन प्रकारच्या, तीन पोर्टच्या कपलरवर ही वाचनं यायला हवीत: इनपुट ते आउटपुट जवळपास शून्य ओहम, मुख्य लाइन ते बॉडी ओपन, मुख्य लाइन ते कपल्ड पोर्ट ओपन, आणि कपल्ड पोर्ट ते बॉडी सुमारे ५० ओहम. हे शेवटचं वाचन म्हणजे आतलं टर्मिनेशन.

४८ ते ५३ ओहम आले तर पुढे जायला हरकत नाही. ७० किंवा २०० ओहम आले तर टर्मिनेशन कधीतरी तापून भाजलेलं आहे. ओपन आलं तर ते जळालं आहे किंवा आतला जोड सुटला आहे. अशा कपलरला सरळ सिग्नल दिला तर आयसोलेटेड टोकाकडे मुळातच फार काही जात नाही, त्यामुळे कपलिंग बरोबर दिसतं. उलट सिग्नल दिला की कपल झालेला सगळा भाग त्या जळक्या टोकाकडे जातो, तिथून परततो आणि कपल्ड पोर्टमधून बाहेर पडतो. डायरेक्टिव्हिटी जवळपास शून्य. सुरुवातीला म्हटलेला मेलेला कपलर तो हाच, आणि तो या एका मिनिटाच्या चाचणीत सापडतो.

चार पोर्ट बाहेर असतील तर दोन शक्यता. दोन्ही बाजूच्या पोर्टवर बॉडीशी ५० ओहम आले, तर आत दोन स्वतंत्र कपलर पाठीला पाठ लावून बसवलेले आहेत. याला ड्युअल डायरेक्शनल म्हणतात. दोन्ही बाजूचे पोर्ट एकमेकांशी शून्य ओहम आणि बॉडीशी ओपन दाखवत असतील, तर एकाच कपल्ड लाइनची ती दोन टोकं आहेत. तेव्हा एक टोक मोजताना दुसऱ्यावर चांगला ५० ओहम लोड (बाहेरून लावायचं टर्मिनेशन) लावणं आपली जबाबदारी. तो लावला नाही तर चांगला कपलरही जळालेल्यासारखाच वागेल.

अपवाद आहेत. ट्रान्सफॉर्मरवाल्या कमी फ्रिक्वेन्सीच्या कपलरमध्ये बॉडीशी शॉर्ट दिसणं स्वाभाविक. ब्रँचलाइन हायब्रिडमध्ये चारही पोर्ट एकमेकांना धातूनेच जोडलेले असतात. आणि कपल्ड पोर्टवर डिटेक्टर डायोड बसवलेला असेल तर ओहमच्या रेंजमध्ये मीटर लावू नये. जुने पॉइंट-काँटॅक्ट आणि टनेल डायोड तेवढ्या करंटनेही खराब होऊ शकतात.

लेबल नसेल तर

वेव्हगाइड कपलर असेल तर काम सोपं आहे. आतली रुंदी व्हर्नियरने मोजा. १५० ला ती मिलिमीटरमधली रुंदी भागिली की कट-ऑफ फ्रिक्वेन्सी गिगाहर्ट्झमध्ये मिळते, आणि वापराचा पट्टा साधारण तिच्या १.२५ ते १.९ पट. २२.८६ मिलिमीटर म्हणजे कट-ऑफ ६.५६ गिगाहर्ट्झ आणि पट्टा ८.२ ते १२.४, अर्थात एक्स बँड. १५.८ मिलिमीटर असेल तर १२.४ ते १८.

कोअॅक्शियल कपलरचा पट्टा मोजमापातूनच काढावा लागतो. त्यातले बरेचसे एका ऑक्टेव्हचे असतात: १ ते २, २ ते ४, ४ ते ८ गिगाहर्ट्झ. एका सेक्शनच्या कपलरमध्ये कपल्ड लाइनची लांबी मधल्या फ्रिक्वेन्सीला पाव तरंगलांबी असते, आणि कपलिंग त्या लांबीच्या कोनाच्या साइनप्रमाणे बदलतं. मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट ठिकाणी कपलिंग गायब होतं. तो खड्डा ६ गिगाहर्ट्झला सापडला तर कपलर २ ते ४ चा आहे.

हेच गणित पट्ट्याबाहेर कपलर वापरायलाही कामी येतं. २ ते ४ गिगाहर्ट्झचा २० डीबी कपलर १२९६ मेगाहर्ट्झला वापरायचा आहे? तिथे कोन सुमारे ३९ अंश, साइन ०.६३, म्हणजे कपलिंग ४ डीबीने घटून २४ डीबी. ४३५ मेगाहर्ट्झला ते ३३ डीबीच्या आसपास जाईल. एवढ्यावरून तो फेकायचं कारण नाही. डायरेक्टिव्हिटी टिकून असेल तर तो तिथेही कामाचा आहे. अनेक सेक्शनच्या रुंद पट्ट्याच्या कपलरला मात्र हे साधं सूत्र लागू होत नाही.

इनपुट कुठलं? कपल्ड लाइन प्रकारात कपल्ड पोर्ट इनपुटच्या बाजूच्या टोकाला असतो, कारण कपल झालेली लहर मागे येते. अनेक भोकांच्या वेव्हगाइड कपलरमध्ये ती पुढे जाते. मोजल्यावर शंका उरत नाहीच.

उपकरणं लावताना

छोट्या घरगुती व्हीएनएवर (व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर, म्हणजे सिग्नल पाठवून किती पलीकडे पोचला आणि किती परत आला ते मोजणारं उपकरण) बहुतेक काम होतं, त्याची फ्रिक्वेन्सी पुरत असेल तर. कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला करायचं, उपकरणाच्या पॅनेलवर नाही. दुसऱ्या पोर्टच्या केबलच्या टोकाला १० डीबीचा चांगला अॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा तुकडा) लावून त्याच्यासकट थ्रू कॅलिब्रेशन, म्हणजे दोन्ही टोकं थेट जोडून केलेलं कॅलिब्रेशन, करावं. ही छोटी उपकरणं एकाच दिशेने मोजतात आणि दुसऱ्या पोर्टचं मॅचिंग दुरुस्त करत नाहीत. अॅटेन्युएटर ती उणीव भरून काढतो.

त्याची किंमत म्हणजे १० डीबी डायनॅमिक रेंज. म्हणून आधी तळ, म्हणजे ज्याच्या खालचं उपकरणाला दिसत नाही ती पातळी, पाहा. दोन्ही केबलना लोड लावा आणि एस२१ (पहिल्या पोर्टमधून दुसऱ्यात पोचणारा सिग्नल) किती खाली जातो ते प्रत्येक पट्ट्यात नोंदवा. छोट्या व्हीएनएमध्ये वरच्या पट्ट्यात, जिथे ते हार्मोनिकवर (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या सिग्नलवर) चालतात, हा तळ बराच वर येतो. ३० डीबी कपलिंग आणि ३० डीबी डायरेक्टिव्हिटीचा कपलर मोजायचा तर ६० डीबी खालचा सिग्नल वाचायचा आहे. तळ त्याच्या फक्त १० डीबी खाली असेल तर वाचनात २ ते ३ डीबीची चूक शिरू शकते, २० डीबी खाली असेल तर एका डीबीच्या आत राहते. जमत नसेल तर आयसोलेशन मोजताना अॅटेन्युएटर काढून ठेवा, अॅव्हरेजिंग वाढवा, स्वीप सावकाश करा. जाळीच्या स्वस्त केबल्स एकमेकींत गळतात. सेमी-रिजिड केबल असेल तर ती घ्या, नाहीतर दोन केबल्स एकमेकींपासून दूर ठेवा.

व्हीएनए नसेल तर सिग्नल सोर्स आणि पॉवर डिटेक्टरवरही चालतं. एडीएफ४३५१ चे बोर्ड ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत आणि एडी८३१८ चे लॉग डिटेक्टर ८ गिगाहर्ट्झपर्यंत जातात. पण सिंथेसायझर बोर्डच्या आउटपुटमध्ये हार्मोनिक भरपूर असतात आणि डिटेक्टरला सगळं सारखंच दिसतं. वरून कपलर तिसऱ्या हार्मोनिकला पुन्हा कपलिंग देतो आणि तिथली त्याची डायरेक्टिव्हिटी वाईट असते. त्यामुळे आयसोलेशनच्या वाचनात मूळ सिग्नलपेक्षा हार्मोनिकच जास्त मोजला जाऊ शकतो. सोर्सनंतर लो-पास फिल्टर हवाच.

मुख्य लाइन आणि कपलिंग

हे पटकन होतं. कपल्ड पोर्टवर लोड लावून इनपुट ते आउटपुट मोजा. निव्वळ कपलिंगमुळे होणारी घट ठरलेली आहे: ३ डीबी कपलरला ३.०१, ६ डीबीला १.२६, १० डीबीला ०.४६, २० डीबीला फक्त ०.०४ डीबी. त्यावर जे येतं ते कनेक्टर आणि धातूचं नुकसान. २० डीबी कपलरमध्ये काही दशांश डीबी ठीक. एखाद्या ठिकाणी अचानक टोकदार खड्डा दिसला तर झाकणाचा स्क्रू सैल आहे किंवा बॉडीचा संपर्क तुटतो आहे असं समजा. स्वीप चालू असताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा आणि कनेक्टर किंचित हलवून पाहा. रेघ उडाली तर आत सुटलेला जोड आहे.

मग आउटपुटला लोड, दुसरा पोर्ट कपल्डवर. पट्ट्यात कपलिंग किती सपाट आहे ते पाहा आणि स्वीप साठवून ठेवा. हाच पुढचा संदर्भ.

डायरेक्टिव्हिटी

आता कपलर उलटा करा. सिग्नल आउटपुटला, लोड इनपुटला, कपल्ड पोर्टची केबल जागची हलवायची नाही. नवा स्वीप घ्या. दोन्ही स्वीपमधला फरक म्हणजे डायरेक्टिव्हिटी, असं पुस्तकात असतं. टेबलावर तो फरक म्हणजे डायरेक्टिव्हिटी अधिक लोडचं परावर्तन, आणि तेही फेजसकट.

कारण उघड आहे. उलट दिशेने गेलेला सिग्नल लोडवर पोचतो. लोड २६ डीबी रिटर्न लॉसचा असेल तर त्यातला तेवढा भाग परत फिरतो. परत फिरलेली लहर कपलरच्या दृष्टीने सरळ दिशेची, म्हणून ती पूर्ण कपलिंगने कपल्ड पोर्टवर उतरते. कपलर ४० डीबीचा असला तरी पडद्यावर २६ च्या आसपासच काहीतरी दिसेल. लोड आणि कपलर दोघंही ३० डीबीचे असतील तर वाचन २४ पासून कितीही खोल जाऊ शकतं. म्हणून एखाद्या फ्रिक्वेन्सीला ५५ डीबीचा सुंदर खड्डा दिसला तर हुरळून जायचं नाही. तिथे दोन चुकांनी एकमेकींना खोडलंय, एवढंच.

मग लोड चांगला आहे हे कशावरून? ज्या लोडवर व्हीएनए कॅलिब्रेट केला, तोच परत लावून एस११ (पहिल्या पोर्टवर परत येणारा सिग्नल) पाहिला तर तो नेहमीच निर्दोष दिसणार, कारण ‘निर्दोष’ कशाला म्हणायचं ते आपण त्यालाच विचारलं होतं. दुसरा लोड लावून पाहिला तर दोघांमधला फरक तरी कळतो. शिवाय एन ते एसएमए अॅडॉप्टर मध्ये असेल तर त्याचं परावर्तन लोडच्याच खात्यात जमा होतं. लोड कपलरच्या कनेक्टरला थेट बसेल असा शोधा.

यावर एक जुना आणि भरवशाचा उपाय आहे: लोड दूर नेणे. कपलर आणि लोड यांच्यामध्ये सेमी-रिजिड केबलचा एक तुकडा घाला आणि तोच उलटा स्वीप पुन्हा घ्या. आता लोडकडून येणारी लहर फ्रिक्वेन्सीबरोबर भराभर फेज बदलते, कपलरची स्वतःची गळती मात्र हळूहळू बदलते. पडद्यावरची रेघ लाटांसारखी वरखाली होऊ लागते. ०.७ व्हेलॉसिटी फॅक्टरच्या (सिग्नलचा वेग प्रकाशाच्या ०.७ पट असलेल्या) १ मीटर केबलला एक लाट सुमारे १०५ मेगाहर्ट्झची, ३० सेंटिमीटरला ३५० मेगाहर्ट्झची. लाटेची रुंदी या हिशोबाशी जुळली, की आपण योग्य गोष्ट पाहतो आहोत याची खात्री पटते.

आता एका लाटेचा माथा आणि शेजारचा तळ वाचा. समजा संदर्भाच्या तुलनेत माथा उणे २६ डीबी आणि तळ उणे ३४ डीबी आला. डीबीची सरासरी काढायची नाही. आधी व्होल्टेजच्या गुणोत्तरात बदलायचं. माथा ०.०५०, तळ ०.०२०. बेरजेचा निम्मा ०.०३५, वजाबाकीचा निम्मा ०.०१५. परत डीबीत आणले तर २९ आणि ३६.५. यातला एक आकडा कपलरचा, दुसरा लोडचा.

कोणता कोणाचा हे या एका स्वीपवरून कळत नाही. दुसऱ्या जातीचा लोड लावून पुन्हा स्वीप घ्या आणि तेच गणित करा. जो आकडा बदलला तो लोडचा, जो तसाच राहिला तो कपलरचा. यासाठी मुद्दाम एखादा वाईट लोड, उदाहरणार्थ शेवट उघडा ठेवलेला १० डीबी अॅटेन्युएटर, वापरला तरी चालतं: त्याचा रिटर्न लॉस २० डीबीच्या आसपास असतो, म्हणजे दोन आकड्यांपैकी एक २० च्या जवळ येईल आणि उरलेला कपलरचा. केबलच्या कपलरकडच्या कनेक्टरचं परावर्तन मात्र कपलरच्याच खात्यात जातं, त्यामुळे ते टोक सगळ्यात चांगलं हवं.

दोन-तीन लाटांवर हे करून पट्ट्याच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या भागाचे आकडे लिहून ठेवा. डायरेक्टिव्हिटी बहुधा वरच्या टोकाला ढासळते.

किती आकडा चांगला?

साध्या ऑक्टेव्ह कपलरला खालच्या पट्ट्यांत २० ते २५ डीबी आले तर तो निरोगी आहे, १२ गिगाहर्ट्झच्या पुढे १५ डीबीवरही नाक मुरडू नये. एचपी ७७८डी सारखा १०० मेगाहर्ट्झ ते २ गिगाहर्ट्झचा प्रयोगशाळेतला ड्युअल कपलर ३० डीबीच्या पुढे जातो, आणि त्याच कंपनीच्या ७५२ मालिकेतले लांबलचक वेव्हगाइड कपलर ४० डीबीचे. असा एखादा सापडला तर तोच पुढच्या मोजणीचा आधार बनवावा.

१० डीबीच्या खालचा कपलर परावर्तन मोजायला नको, पण फ्रिक्वेन्सी काउंटरला सिग्नल देणं, ट्रान्समीटरचं आउटपुट पाहणं, रिसीव्हरमध्ये चाचणीचा सिग्नल सोडणं यांसाठी चालतो. फक्त पुढचं मॅचिंग ठीक असायला हवं.

ट्रान्समीटरवर लावण्याआधी पॉवरचा हिशोब करा. ५० वॅटला २० डीबी कपल्ड पोर्टवर अर्धा वॅट, म्हणजे २७ डीबीएम येतात. छोट्या व्हीएनएच्या इनपुटसाठी हे जीवघेणं आहे, मध्ये किमान ३० डीबी अॅटेन्युएटर हवा. आणि अँटेना तुटली तर तोच अर्धा वॅट उलट दिशेने आतल्या टर्मिनेशनवर जातो. १० डीबी कपलर असेल तर तिथे ५ वॅट, आणि मोठ्या कपलरमध्येही हे टर्मिनेशन बऱ्याचदा इवलंसं असतं. ट्रान्समीटरच्या कामावरून परत आलेल्या कपलरला म्हणूनच दरवेळी मल्टिमीटर लावावा.

शेवटी बॉडीवर चिकटपट्टी लावून पट्टा, तीन ठिकाणचं कपलिंग, तीन ठिकाणची डायरेक्टिव्हिटी, आतल्या टर्मिनेशनचे ओहम आणि तारीख लिहा, आणि प्रत्येक पोर्टला टोपण घाला. टर्मिनेशनचा आकडा मुद्दाम लिहायचा. पुढच्या वेळी ५० चे ५६ झालेले दिसले, तर मधल्या काळात कोणीतरी त्याला भाजलं आहे.